पीलिंगनंतर चेहऱ्याला सवड द्या

लग्नाला अठरा दिवस उरले आहेत. साड्यांना फॉल-पिको झाला, ब्लाउज शिवून आले आणि आता नवरी मुलगी आरशासमोर उभी आहे. गालांवरचे मुरुमांचे जुने डाग तिला आजच जास्त खुपू लागतात. मैत्रीण म्हणते, ‘‘अगं, केमिकल पील करून घे. एका सिटिंगमध्ये चेहरा उजळतो.’’ सिटिंग होते. तिसऱ्या दिवशी हनुवटीभोवती पापुद्रे सुटू लागतात. घरी आलेली आत्या विचारते, ‘‘हे काय गं झालं चेहऱ्याला?’’ मुलगी घाबरते आणि न्हाणीघरात जाऊन नखाने पापुद्रे ओढून काढते. पुढे लग्नाच्या फोटोत गालावर जो तपकिरी डाग दिसतो, तो त्या नखाने दिलेला असतो.

पील करावे की करू नये, हा वाद इथे नाही. जाणकार त्वचारोगतज्ज्ञाकडून केले, तर मुरुमांचे डाग, वांग, काळपटपणा यांवर त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र डॉक्टरांच्या हातात ती काही मिनिटेच असतात. त्यानंतरचे आठवडे तुमच्या हातात असतात आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो.

आम्ल चेहऱ्यावर काय करते?

पीलमध्ये ठरावीक तीव्रतेचे आम्ल थोडा वेळ लावून त्वचेचा वरचा थर सैल केला जातो. ही कल्पना काही आजची नव्हे. जर्मन त्वचातज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८८२ मध्येच सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल वगैरेंचे त्वचेवरील परिणाम नोंदवून ठेवले होते. ग्लायकोलिक आम्ल उसात असते, लॅक्टिक आम्ल दह्यात. म्हणून काहींना वाटते, आजीच्या दही-बेसनाचाच हा नवा अवतार! पण दह्यातले आम्ल अगदी सौम्य असते आणि दवाखान्यातले ग्लायकोलिक आम्ल २० ते ७० टक्के तीव्रतेचे असू शकते. हल्ली अशा बाटल्या घरपोच मिळतात. त्या घरी आणून स्वतःच्या चेहऱ्यावर प्रयोग करणे म्हणजे शुद्ध अविचार आहे.

पहिला आठवडा

वरवरच्या पीलनंतर पहिल्या दिवशी चेहरा उन्हात भाजल्यासारखा लालसर होतो आणि चुणचुणतो. दुसऱ्या दिवशी त्वचा ओढल्यासारखी वाटते, कधी थोडी काळपटही दिसते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पापुद्रे सुटू लागतात, तेही आधी तोंडाभोवती. आठवडाभरात चेहरा बहुतेक साफ होतो. काहींना पापुद्रे दिसतच नाहीत. म्हणून पील वाया गेले असे समजून लगेच दुसरे मागू नका.

या दिवसांत जितके कमी कराल तितके बरे. चेहरा साध्या पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने धुवा आणि टॉवेलने न घासता नुसता टिपून घ्या. बिनसुगंधी मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चारदा लावा. स्क्रब, वाफ, ब्लीच, फेशियल, थ्रेडिंग, वॅक्सिंग सगळे बंद. लिंबू, हळद, बेसनही नको. घरातल्या वडीलधाऱ्या प्रेमाने वाटीत लेप कालवून आणतील, तेव्हा गोड बोलून टाळा. रात्री लावायचे रेटिनॉइडचे मलम डॉक्टर सांगतील तेव्हाच पुन्हा सुरू करा.

आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णात रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चटकन चिडतात. ओरखडा, ऊन, घासणे, कशानेही दाह झाला की त्या जागी जास्त रंग जमा होतो आणि तो डाग कित्येक महिने रेंगाळतो. म्हणून किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन रोज हवेच. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. वांग असेल तर रंगछटा असलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो. नागपूरकडच्या वैशाखात दुपारी बाहेर पडावे लागणार असेल, तर पील सरळ हिवाळ्यावर ढकला.

पुढचे सिटिंग कधी?

त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे आणखी जास्त. म्हणून वरवरची पील दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने करतात. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचे मध्यम खोलीचे पील झाले असेल, तर मध्ये काही महिने जाऊ द्यावे लागतात. फिनॉलचे खोल पील आपल्या वर्णाला सहसा सुचवतच नाहीत.

तारीख आली तरी आधी आरशात पाहा. लाली आहे? पाणी लागले की चुणचुणते? कुठे पापुद्रा आहे? यातले एकही असेल तर तारीख पुढे ढकला. सहा सिटिंगचे पैसे सवलतीत एकदम भरून टाकले की घाई होते, असा माझा अनुभव आहे. पॅकेजची मुदत संपू नये म्हणून आपण जायला निघतो, पण चेहऱ्याला त्या मुदतीशी काय देणे-घेणे?

लग्नाचेच म्हणाल तर पाच-सहा महिने आधी सुरुवात करा आणि शेवटचे सिटिंग किमान महिनाभर आधी संपवा. लग्नाच्या महिन्यात आयुष्यातले पहिले पील मुळीच नको.

काही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगा. दिवस गेलेले असणे, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असणे, ॲस्पिरिनची ॲलर्जी, ओठांवर वारंवार जर उठणे. ‘गोरेपणाची ट्यूब’ वापरत असाल तर तीही पर्समधून काढून दाखवा. तिच्यात स्टिरॉइड असेल तर त्वचा आधीच पातळ झालेली असते.

फोड आले, पिवळे पाणी सुटले, दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले किंवा एखादी जागा गडद व्हायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. आणि दवाखान्यातून निघताना आम्लाचे नाव, टक्केवारी, किती मिनिटे ठेवले आणि तारीख लिहून मागा. गाव बदलले, डॉक्टर बदलले, तरी पुढच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो.