पॅच लावला, पण कधी लावला?

३० एप्रिल २०२०, गुरुवार. एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीने सॉल्ट या सॉफ्टवेअरमधल्या दोन सुरक्षात्रुटी जाहीर केल्या आणि बजावलं की, शुक्रवारपर्यंत पॅच लावला नाही तर सोमवारपर्यंत सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असेल. दुरुस्त आवृत्त्या आदल्या दिवशीच आल्या होत्या. पण शुक्रवार होता १ मे: युरोपात बऱ्याच ठिकाणी कामगार दिनाची, आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी. त्याच शनिवार-रविवारी लिनिएजओएस हा अँड्रॉइडवर आधारलेला मुक्त प्रकल्प, घोस्ट हे लेखन-प्रकाशनाचं व्यासपीठ आणि डिजिटल प्रमाणपत्रं देणाऱ्या डिजिसर्ट कंपनीचा एक लॉग सर्व्हर, तिन्हीकडे घुसखोरी झाली.

सॉल्टचं काम असं. एक ‘मास्टर’ सर्व्हर असतो आणि त्याचा हुकूम पाळणारे शेकडो ‘मिनियन’. कुठे कोणतं पॅकेज असावं, कोणती सेवा चालू राहावी हे मास्टर ठरवतो आणि मिनियन ते बहुधा रूट अधिकारानिशी अमलात आणतात. म्हणजे मास्टर गेला की सगळा ताफा गेला. पपेट, शेफ, अ‍ॅन्सिबल ही याच जातीची अवजारं.

‘आमचा पासवर्ड भक्कम आहे, आत येणार कोण?’ हा समज इथे साफ कोसळतो. सीव्हीई-२०२०-११६५१ या त्रुटीत पासवर्ड विचारण्याची वेळच येत नव्हती. ओळख पटण्याआधी मास्टरने मोजक्याच विनंत्या स्वीकाराव्यात अशी रचना होती. पण ज्या क्लासमध्ये त्या विनंत्यांचा कोड होता, त्यातल्या अंतर्गत वापराच्या पद्धतीही बाहेरून हाक मारता येण्याजोग्या राहून गेल्या. त्यातली एक पद्धत मास्टरची रूट किल्लीच उत्तरात पाठवत होती. दुसरी थेट मिनियनांच्या रांगेत हुकूम टाकू देत होती. जोडीची त्रुटी, ११६५२, फाइलचा मार्ग नीट न तपासल्यामुळे नको त्या फाइलींपर्यंत हात पोहोचू देत होती. धोक्याच्या मोजपट्टीवर पहिल्या त्रुटीला दहापैकी दहा गुण मिळण्याची शक्यता एफ-सिक्युअरने आधीच वर्तवली होती.

‘हा तर आतल्या कामाचा सर्व्हर, इंटरनेटवर कशाला असेल?’ असायला नको, पण होते. एफ-सिक्युअरच्या पाहणीत सहा हजारांहून अधिक मास्टर उघड्यावर सापडले. कारण साधं आहे. मिनियन स्वतःहून मास्टरशी जोडणी करतात, म्हणून मास्टरवर ४५०५ आणि ४५०६ हे पोर्ट उघडे लागतात. सर्व्हर वेगवेगळ्या क्लाउडमध्ये विखुरलेले असले की ते पोर्ट साऱ्या जगाला उघडे ठेवणं सोपं पडतं. पॅचची चाचणी घ्यायला दोन दिवस लागणार असतील तर जरूर घ्यावेत. मात्र तोवर फायरवॉलमध्ये फक्त आपल्या मिनियनांचे पत्ते ठेवायला काही मिनिटं पुरतात. चाचणीच्या नावाखाली दोन्ही कामं लांबवणं मला अक्षम्य वाटतं.

‘हल्ल्याचा कोड कुणी प्रसिद्ध केलेला नाही, तेव्हा घाई नको.’ एफ-सिक्युअरने तो मुद्दामच दिला नव्हता. जाणकार माणूस चोवीस तासांत तयार करील, असंही सांगितलं होतं. सॉल्टचा कोड खुला आहे. जुनी आणि दुरुस्त आवृत्ती शेजारी ठेवली की भगदाड कुठे होतं ते पॅचच दाखवतो.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ तुमचा प्रोसेसर आहे. घोस्टवर घुसलेल्यांनी क्रिप्टोचलनाचं खाणकाम सुरू केलं आणि सीपीयूवरचा ताण एकदम वाढल्यामुळे ते उघडकीस आलं. असे हल्लेखोर नाव बघून येत नाहीत, उघडा पोर्ट बघून येतात.

अ‍ॅन्सिबलमध्ये मिनियनसारखा एजंट नसतो, म्हणून ते आपोआप सुरक्षित, असंही सर्रास ऐकू येतं. तिथे सीव्हीई-२०१६-९५८७ मध्ये उलटा प्रवास शक्य होता: ताब्यात गेलेला एखादा साधा सर्व्हर खोटी माहिती पाठवून नियंत्रण करणाऱ्या यंत्रावरच कोड चालवू शकत होता.

पण सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे पॅच लागला की प्रकरण मिटलं. पॅच पुढची घुसखोरी थांबवतो; आधीच आत आलेल्याला बाहेर काढत नाही. सिस्कोने ७ मे रोजी आपले सहा मास्टर अद्ययावत केले, तेव्हा त्यांत घुसखोरी होऊन गेल्याचं आढळलं. म्हणून मधल्या काळात मास्टर उघडा असेल तर लॉग तपासणं, अनोळखी क्रॉन जॉब शोधणं, किल्ल्या आणि पासवर्ड बदलणं, शंका असेल तर यंत्र नव्याने उभारणं हेही दुरुस्तीतच मोडतं. लिनिएजओएसच्या स्वाक्षरीच्या किल्ल्या वाचल्या, कारण त्या मुख्य यंत्रणेपासून वेगळ्या ठेवलेल्या होत्या. आणि सॉल्टच्या जुन्या वापरकर्त्यांना २०१३ आठवत असेल. तेव्हा आरएसए किल्ल्या तयार करताना घातांक १ वापरला जात होता. अशा किल्लीने केलेलं कूटबद्धीकरण जवळजवळ नसल्यातच जमा. ०.१५.१ आवृत्तीने कोड सुधारला, तरी आधी बनलेल्या किल्ल्या तशाच राहत होत्या. त्या प्रत्येक यंत्रावर नव्याने बनवाव्या लागल्या.

आवृत्तीचा क्रमांक जुना म्हणजे पॅच नाही, असंही धरून चालू नका. डेबियन १० या लिनक्स वितरणाने मे २०२० मध्ये सॉल्टच्या या दोन नव्या त्रुटींची दुरुस्ती आपल्या २०१८.३.४ या आवृत्तीतच आणली, मूळ क्रमांक तोच ठेवून फक्त शेपटीत बदल केला. तिथे वितरणाची सुरक्षा सूचना उघडून पॅकेजचा पूर्ण क्रमांक, शेपटीसकट, जुळवून पाहावा लागतो.