ब्राउझरांची स्पर्धा आणि तरुण आज्ञावलीकार

दूरच्या ग्रंथालयातील माहिती शाळेतील संगणकाच्या पडद्यावर क्षणार्धात उमटते. हे कार्य ज्या आज्ञावलीकडून होते, तिला ब्राउझर असे म्हणतात. वाचकाने पानाचा पत्ता लिहिला की ब्राउझर त्या पत्त्यावरील संगणकाकडे मागणी पाठवितो. उत्तरादाखल जे येते ते तयार पान नसते. तो खुणा केलेला मजकूर असतो. हे शीर्षक, हा परिच्छेद, येथे चित्र, अशा त्या खुणा असतात. या खुणांच्या भाषेस एचटीएमएल हे नाव आहे. खुणा वाचून पानाची मांडणी करणे हे ब्राउझरचे काम होय. साहजिकच दोन ब्राउझरांनी एकाच खुणेचा निराळा अर्थ लावला, तर एकच पान दोन ठिकाणी दोन प्रकारे दिसते.

भारतात रेल्वेचे रुंदमापी आणि मीटरमापी असे निरनिराळे लोहमार्ग होते, तेव्हा मार्गाची रुंदी बदलली की माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. वेबवरील खुणांचे मापही सर्वांनी एकच ठेवले नाही, तर तोच प्रकार घडतो.

आरंभ आणि पहिली चुरस

टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने १९९० मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची ही योजना कोणताही मोबदला न घेता सर्वांस खुली केली. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचा सहकारी एरिक बिना यांनी ‘मोझेक’ हा ब्राउझर सिद्ध केला. मजकुराच्या ओघातच चित्रे दाखविणारा हा ब्राउझर सामान्य माणसालाही सहज वापरता येई.

१९९४ मध्ये अँड्रीसन याने जिम क्लार्क यांच्याबरोबर नेटस्केप ही कंपनी स्थापन केली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ पुढे आणला. मग चुरस सुरू झाली. एकाने अक्षरे लुकलुकविणारी खूण काढली, तर दुसऱ्याने अक्षरे पडद्यावरून सरकविणारी खूण काढली. सर्वमान्य प्रमाणके ठरविण्यासाठी १९९४ मध्येच एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले होते. परंतु प्रत्येक स्पर्धकास आपल्याच खुणा रूढ व्हाव्यात असे वाटे.

मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर विंडोज प्रणालीबरोबरच मिळू लागल्यामुळे नेटस्केप मागे पडला. १९९८ मध्ये अमेरिकी शासनाने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, आणि कंपनीने आपली मक्तेदारी टिकविण्यासाठी बेकायदा मार्ग अवलंबिले हा निर्णय २००१ मध्ये अपील न्यायालयानेही कायम ठेवला. तोवर ब्राउझरांचे क्षेत्र जवळजवळ एकाच्याच हाती गेले होते. स्पर्धक उरला नाही तेव्हा सुधारणेची गतीही मंदावली. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये निघाली. सातवी निघण्यास २००६ साल उजाडले.

खुली आज्ञावली आणि फायरफॉक्स

मागे पडत असतानाच नेटस्केपने एक दूरदर्शी पाऊल उचलले होते. ३१ मार्च १९९८ रोजी तिने आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली सर्वांसाठी प्रसिद्ध केली. ती वाचण्याची, तपासण्याची आणि सुधारण्याची मुभा कोणालाही होती. या कार्यास मोझिला असे नाव मिळाले. अमेरिकेतील ब्लेक रॉस हा मुलगा शाळकरी वयातच त्यात सहभागी झाला. २००२ मध्ये सतरा वर्षांचा रॉस आणि डेव्ह हायट यांनी या अवजड आज्ञावलीतून अनावश्यक भाग वगळून सुटसुटीत ब्राउझर घडविण्यास प्रारंभ केला. पुढे बेन गुडजर याने या कार्याचे नेतृत्व केले. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा रॉस एकोणीस वर्षांचा होता. वर्षभरातच ती दहा कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतली गेली.

या तरुणांची बुद्धी आणि चिकाटी वादातीत आहे. तथापि मूळ आज्ञावली बंदिस्त राहिली असती, तर त्या बुद्धीला कामच मिळाले नसते.

भारतीय भाषांचा अनुभव

या प्रश्नाचे मोल भारतीय वाचकांनाही प्रत्यक्ष कळले. त्या काळी भारतीय भाषांतील अनेक वृत्तपत्रांची पाने स्वतंत्र अक्षरसंचांवर अवलंबून असत. ठराविक ब्राउझरमध्ये ती नीट दिसत. इतरत्र त्यांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोड या समान संकेतपद्धतीत प्रत्येक अक्षराला निश्चित क्रमांक मिळाला आणि ब्राउझर ती मानू लागले, तेव्हा ही अडचण दूर होऊ लागली. मूळ आज्ञावली खुली असल्यामुळे स्वयंसेवकांनी फायरफॉक्सची मराठी आवृत्तीही सिद्ध केली.

सद्यःस्थिती

२००८ मध्ये गूगलने ‘क्रोम’ हा ब्राउझर आणला आणि तो क्रमाने अग्रस्थानी गेला. इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार २०२२ मध्ये थांबविण्यात आला. आज ब्राउझरांची नावे पुष्कळ असली, तरी पान मांडणारे त्यांचे प्रमुख गाभे तीनच आहेत: ब्लिंक, वेबकिट आणि गेको. मायक्रोसॉफ्टचा ‘एज’ हा ब्राउझरही २०२० पासून क्रोमच्याच गाभ्यावर चालतो. या तिन्ही गाभ्यांच्या आज्ञावल्या खुल्या आहेत, ही समाधानाची बाब होय. परंतु पाने तयार करणाऱ्यांनी एकाच ब्राउझरवर तपासणी करून काम संपविले, तर प्रमाणके कागदावरच राहतील आणि जुनाच प्रसंग नव्या नावाने ओढवेल.

म्हणून पान तयार करणाऱ्या विद्यार्थ्याने ते निदान दोन निरनिराळ्या गाभ्यांच्या ब्राउझरांत उघडून पाहावे. ही सवय लहान दिसते. परंतु वेबची वाट सर्वांसाठी मोकळी राहते ती अशाच सवयींमुळे.