लॉग फाइल : संगणकाचे दप्तर किती दिवस जपायचे?



पगार खात्यावर जमा होतो, पेन्शन येते, कर्जाचा हप्ता कापला जातो. मोठ्या बँकांत ही कामे बहुतेक रात्री, एकामागून एक, आपोआप होतात. अनेक ठिकाणी ती करणारा संगणक असतो मेनफ्रेम. तुमच्या ओळखीतला एखादा मुलगा किंवा मुलगी पुण्यात रात्रपाळीला बसून परदेशातल्या बँकेची अशीच कामे सांभाळत असेल. 'नेमके काय करतोस रे?' असे विचारले तर उत्तर येते, 'जॉब बघतो, लॉग बघतो.' हे लॉग प्रकरण काय आहे आणि ते जपायचे कसे, ते आज समजून घेऊया.

मेनफ्रेम, जॉब आणि शेड्युलर

मेनफ्रेम म्हणजे एकाच वेळी प्रचंड व्यवहार हाताळणारा मोठा संगणक. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी 'सिस्टिम/३६०' ही मालिका जाहीर केली. आजचे आयबीएम मेनफ्रेम त्याच घराण्यातले आहेत.

त्याला दिलेल्या एका कामाला 'जॉब' म्हणतात. 'दिवसभराचे व्यवहार गोळा कर' हा एक जॉब, 'व्याज काढ' हा दुसरा. कोणता जॉब कधी चालवायचा, कोणाच्या नंतर चालवायचा, एक अडला तर पुढचे थांबवायचे का, हे ठरवणारी प्रणाली म्हणजे जॉब शेड्युलर. शाळेचे वेळापत्रक आणि घंटा वाजवणारा शिपाई, दोन्ही एकातच!

लॉग म्हणजे काय?

हा शब्द जहाजावरून आला आहे. जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका, म्हणजे 'लॉग', पाण्यात टाकत आणि माप वहीत लिहीत. ती वही झाली लॉगबुक. पुढे घडेल तसे क्रमाने लिहून ठेवलेल्या कोणत्याही नोंदीला लॉग म्हणू लागले.

मेनफ्रेमवर मुख्यतः तीन प्रकारचे लॉग दिसतात.

१. जॉबचा लॉग : जॉब कधी सुरू झाला, कधी संपला, निकाल काय लागला. निकाल 'रिटर्न कोड'ने कळतो. ० म्हणजे सर्व ठीक, ४ म्हणजे बहुधा किरकोळ सूचना, ८ किंवा १२ म्हणजे लक्ष घाला. जॉब मध्येच कोसळला तर वेगळा कोड येतो. 'एस-झिरो-सी-सेव्हन' हा त्यातला प्रसिद्ध. जिथे आकडा हवा होता तिथे भलतेच काही सापडले, असा त्याचा अर्थ.

२. सिस्टिमचा लॉग : संपूर्ण यंत्रावर काय घडले आणि ऑपरेटरने कोणत्या आज्ञा दिल्या.

३. शेड्युलरचा लॉग : आजच्या योजनेतले काय झाले, काय राहिले, कोणी हाताने बदल केला.

तिसऱ्याचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. आयबीएमच्या शेड्युलरमध्ये योजनेतला प्रत्येक बदल 'जॉब-ट्रॅकिंग लॉग'मध्ये उतरतो. योजनेची प्रत अधूनमधून घेतली जाते. त्या वेळी शेड्युलर पुढच्या लॉगकडे वळतो आणि आधीच्या लॉगमधला मजकूर संग्रहाच्या फाइलमध्ये जातो. योजना बिघडली तर जुनी प्रत घेऊन त्यावर या नोंदी पुन्हा चढवतात आणि योजना परत उभी करतात. म्हणजे हा लॉग हरवला तर काय घडले ते कळत नाहीच, शिवाय पूर्ववत होण्याची वाटही बंद होते.

हे इतके गंभीर का?

जून २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात रात्रीची कामे चालवणारे सॉफ्टवेअर अद्ययावत केले गेले. अडचण दिसताच परिणामांची चाचणी न करता ते मागे घेतले आणि कामे विस्कटली. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला. लोकांना खात्यातली खरी शिल्लक दिसेना, पगार वेळेवर मिळेनात. नियामकांनी २०१४ मध्ये समूहाला एकूण ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो : कोणते काम झाले आणि कोणते राहिले? राहिलेले काम केले नाही तर पगार जमा होत नाही, झालेले काम पुन्हा केले तर हप्ता दोनदा कापला जातो. हे ठरवायला हाताशी पुरावा हवा, आणि तो असतो लॉगमध्ये.

मग सगळेच कायम ठेवायचे का?

नाही. जॉबचे लॉग आधी 'स्पूल' नावाच्या सामायिक जागेत साठतात. ती भरली की नवे जॉब घेता येत नाहीत, चालू असलेलेही लिहायला जागा नाही म्हणून खोळंबतात. जपण्याच्या हौसेने कामच बंद! शिवाय लॉगमध्ये कधीकधी खाते क्रमांकासारखी माहितीही असते. ती गरजेपेक्षा जास्त काळ पडू देणे धोक्याचे.

आपल्या शाळेच्या दप्तराचेही असेच असते ना? जनरल रजिस्टर कायम जपायचे, कारण जन्मतारखेचा दाखला त्यावरूनच निघतो. किरकोळ पत्रव्यवहार मुदत संपली की निकाली काढतो. आधी विचारायचे, 'ही नोंद पुढे कोण, कधी मागेल?' त्यावरून मुदत ठरते.

संगणकाच्या लॉगसाठी आपल्याकडे नियमही आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संबंधित संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे असतात.

पिढ्या मोजा, पण दिवसांशी ताडून

मेनफ्रेमवर जुन्या प्रती ठेवायची एक छान सोय आहे : 'जनरेशन डेटा ग्रुप', म्हणजे फाइलींच्या पिढ्या. आजची पिढी ०, कालची उणे १, परवाची उणे २. उद्या येणारी अधिक १. मर्यादा ७ ठेवली तर आठवी पिढी आली की सर्वांत जुनी आपोआप यादीबाहेर जाते. संख्यारेषा शिकवताना द्यायला उत्तम उदाहरण!

पण इथेच एक फसगत आहे. ही सोय पिढ्या मोजते, दिवस मोजत नाही. रोज एक लॉग साठवत असू तर १८० पिढ्या म्हणजे १८० दिवस. तोच जॉब दिवसातून दोनदा चालू लागला तर १८० पिढ्यांत फक्त ९० दिवस उरतात. कुठेही लाल दिवा लागत नाही, रिटर्न कोड ० च येतो. चार महिन्यांपूर्वीची नोंद कोणी मागितली की मगच कळते. आता ३६० पिढ्या लागतील. जुन्या प्रकारात कमाल मर्यादा २५५ होती, नव्या विस्तारित प्रकारात ती ९९९ आहे. म्हणून जॉबचे वेळापत्रक बदलले की लॉगची मुदतही तपासायची.

संग्रहाचा क्रम

१. लॉग संग्रहात कॉपी करा.
२. कॉपी नीट झाली का ते तपासा.
३. मगच मूळ जागा रिकामी करा.
४. अधूनमधून एखादा जुना लॉग काढून वाचून बघा.

हे काम माणसाच्या आठवणीवर सोडत नाहीत. तोही एक जॉब करून शेड्युलरमध्येच बसवतात. क्वचित लागणाऱ्या फाइली दाबून लहान करतात, पुढे टेपवर हलवतात. फाइल मागितली की ती परत आणली जाते, फक्त थोडी वाट पाहावी लागते.

वर्गात किंवा घरी करून पहा

भिंतीवर पाच खिळे ठोका किंवा पाच चिमटे लावा. रोज 'आज काय झाले' याची एक चिठ्ठी, तारीख घालून, अडकवा. सहाव्या दिवशी सर्वांत जुनी चिठ्ठी काढा आणि नवी लावा. मग एका दिवशी मुद्दाम दोन चिठ्ठ्या लावा आणि विचारा, 'आता किती दिवसांची माहिती शिल्लक आहे?' पाच म्हणणाऱ्यांना तारखा मोजायला सांगा. उत्तर चार येईल. काढलेल्या चिठ्ठ्या टाकून द्यायच्या की पाकिटात ठेवायच्या, आणि कधीपर्यंत, हे मात्र मुलांनाच ठरवू द्या. कारण काय देतात ते जरूर ऐका.