शाळेचे जुने संगणक आणि मुक्त सॉफ्टवेअर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबविला. आपल्या शाळांच्या दृष्टीने ही केवळ व्यापारी वार्ता नव्हे. ‘विंडोज ११’ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा व साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून वा पालकांच्या वर्गणीतून दहा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक या कसोटीस उतरत नाहीत. यंत्र मात्र धडधाकट असते. ते भंगारात काढावे, पाठिंब्याविना तसेच चालवावे, की अन्य काही मार्ग आहे? त्या अन्य मार्गाविषयी प्रस्तुत लेखात थोडे विवेचन करीत आहोत.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याची, ते कसे चालते हे अभ्यासण्याची, त्यात बदल करण्याची व त्याच्या प्रती इतरांस देण्याची मोकळीक वापरणाऱ्यास असावी, हे त्यामागील सूत्र. १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि या दोहोंच्या संयोगातून संपूर्ण संगणक प्रणाली उभी राहिली. ‘मुक्त’ याचा अर्थ येथे ‘फुकट’ असा नाही. बहुधा ती विनामूल्य मिळते हे खरे, परंतु शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की एक प्रत पन्नास संगणकांवर घातली तरी कोणताही नियम मोडत नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलास आपण वर्गाबाहेर काढतो. त्याच शाळेच्या संगणक कक्षात विनापरवाना प्रती असाव्यात, हे आम्हांस नेहमीच खटकत आले आहे.

हे प्रत्यक्षात जमते काय, याचे उत्तर आपल्याच देशात, केरळमध्ये सापडते. तेथे २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ हा शासकीय प्रकल्प सुरू झाला. आरंभी व्यापारी सॉफ्टवेअरचाच अभ्यासक्रम होता. शिक्षकांमधूनच त्यास विरोध झाला आणि पुढील काही वर्षांत माध्यमिक शाळांचे संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर आले. दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षाही तिच्यावरच होऊ लागली. २०१७ साली या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. उबंटूवर आधारित अशी स्वतःची प्रणाली ती शाळांना पुरविते. आमच्या मते केरळचे यश सॉफ्टवेअरच्या निवडीत जेवढे आहे, त्याहून अधिक शिक्षकांच्या तयारीत आहे. त्यांनी आधी शिक्षकांना शिकविले. ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी मंडळांतील मुलेही आता शाळेच्या संगणकांची देखभाल करण्यास हातभार लावतात. कोणी उत्साही तरुणाने सुट्टीत येऊन लिनक्स घालून जावे आणि जूनमध्ये शिक्षकांना ते सुरूही करता येऊ नये, अशाने काही साधत नाही.

दैनंदिन कामासाठी पर्याय पुष्कळ आहेत. पत्रे, तक्ते व सादरीकरणे यांसाठी लिब्रेऑफिस, चित्रांसाठी गिम्प, लहानग्यांसाठी टक्स पेंट व जीकॉम्प्री, खगोलदर्शनासाठी स्टेलॅरियम. ऑस्ट्रेलियातून २००२ साली आलेले मूडल हे गृहपाठ व चाचण्यांसाठी जगभर वापरले जाते.

मराठी शाळांची खरी अडचण निराळीच आहे. वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका, दाखले व परिपत्रके युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली आहेत. अशा धारिकेत मराठी अक्षरे प्रत्यक्षात नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसविलेल्या असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर धारिका उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात आणि दोष बिचाऱ्या नव्या प्रणालीच्या माथी येतो. वास्तविक विंडोजवरही तो फॉन्ट नसेल तर हेच घडते. जुना मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा, जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत आणि नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्त’ हा सुबक फॉन्ट खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते एकदाच करावे लागते.

पालकांचा आणखी एक प्रश्न असतो : एमएस-सीआयटीत विंडोज व मायक्रोसॉफ्ट ऑफिस असते, मग मुले मागे पडणार नाहीत का? ही शंका अनाठायी नाही. तथापि परिच्छेदाची मांडणी, तक्त्यातील सूत्र, धारिका जतन करणे या गोष्टी एका ठिकाणी समजून शिकलेला विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी काही दिवसांत रुळतो. अडतो तो केवळ बटणांच्या जागा पाठ केलेला. कार्यालयातील ज्या संगणकावर लेखा वा छपाईचे काम विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, तो मात्र घाईने बदलू नये.

प्रारंभ लिब्रेऑफिसपासून करणे सोयीचे, कारण ते विंडोजवरही चालते. त्यानंतर लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कला हात न लावता, एकेक जुना संगणक सुरू करून पाहावा. चार जीबी स्मृती असल्यास तो सहसा चालतो. छपाईयंत्र, ध्वनी व इंटरनेट तपासून मगच कायमची स्थापना करावी. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स व लिब्रेऑफिसवरील पाठ मराठीतून विनामूल्य उपलब्ध आहेत. दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन शिक्षकांनी ते एकत्र बसून पाहिले, तर दुसऱ्या सत्रात एका इयत्तेचा वर्ग घेण्याइतकी तयारी होऊ शकते.