चांदीच्या चकतीवरचं अर्धं नाव

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे राणीछाप रुपये ताटात मांडतात. गावाकडच्या डब्यात त्यांच्याबरोबर एखादी नखाएवढी, झिजलेली चांदीची चकतीही निघू शकते. ती मोडीत घालण्याआधी हे वाचा, अशी आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे.

आपण नवागामला आलो ते रोजगारासाठी, पण हा रस्ता फार जुना आहे. पाचव्या शतकात या भागात त्रैकूटक राजे होते. दह्रसेनाचा ताम्रपट (इ.स. ४५६-५७) पारडीला मिळाला, त्याचा मुलगा व्याघ्रसेन याचा (इ.स. ४९०) खुद्द सुरतेत. त्यांची चांदीची नाणी महाराष्ट्रातही, अगदी इंदापूर तालुक्यातही सापडली. वजन साधारण दोन ग्रॅम; एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे तीन कमानींचा डोंगर आणि भोवती ब्राह्मी अक्षरं. पुढे सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने तसंच नाणं पाडलं, फक्त डोंगराच्या जागी नंदी बसवला. ही नाणी बागलाणात देवळाणे इथे मिळाली. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटांत, म्हणजे आठव्या शतकाच्या सुरुवातीलाही, 'कृष्णराजरूपक' असा उल्लेख येतो. राजा जाऊन शंभरावर वर्षं झाली, तरी पैशाला नाव त्याचंच!

अडचण अशी, की एका नाण्यावर पूर्ण लेख सहसा मिळत नाही. लेख ठशावर पुरता कोरलेला असे, पण चकती लहान आणि घाव हाताने घातलेला. एका नाण्यावर 'इंद्रदत्तपुत्र' उमटतं, 'दह्रसेन' काठाबाहेर जातं, दुसऱ्यावर उलट. एकाच ठशाची नाणी शेजारी ठेवली की लेख जुळतो आणि राजाबरोबर त्याच्या बापाचंही नाव कळतं.

ठसा ओळखायचा कसा? हातांनी कोरलेले दोन ठसे हुबेहूब नसतात. राजाच्या नाकाचा कोन, दोन अक्षरांमधलं अंतर, चंद्रकोर कोणत्या अक्षराजवळ येते, हे पाहायचं. ठशाला तडा गेला की नाण्यावर बारीक उंचवटा उमटतो. तो वाढत गेलेला दिसला की कोणतं नाणं आधी पाडलं, कोणतं नंतर, तेही लागतं. घावाखाली येणारा वरचा ठसा लवकर निकामी होई, म्हणून चेहरा तोच आणि मागची बाजू वेगळी, अशा जोड्या सापडतात. हिऱ्याच्या कामातलं भिंग ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे सहज दिसेल.

म्हणूनच चिंच-लिंबाने घासणं वाईट. खुणा जातात. त्याहून वाईट म्हणजे ढीग सापडल्यावर भावाभावांत वाटून घेणं, कारण जोड्या कायमच्या तुटतात. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरातल्या जुन्या नाण्याचे मात्र दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहा आणि ते कोरड्या कागदाच्या पुडीत ठेवा. नाण्यांच्या अभ्यासाची संस्था अंजनेरीतच आहे. सुट्टीत त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेवर लागते.