मार्टिनी-हेन्री बंदूक : काडतूस अडकण्याचीं कारणें

लढायांच्या हकीकतींत 'बंदुका ऐन वेळीं चालेनाशा झाल्या' अशा आशयाचें वाक्य आलें म्हणजे त्याचा दोष बहुधा शिपायाच्या हातास किंवा धैर्यास देण्यांत येतो. परंतु बंदूक कोणत्या जातीची होती व तिचें काम नेमकें कोणत्या पायरीवर थांबलें, हें ठरविल्यावांचून असा निर्णय देणें अन्यायाचें आहे. दांड्यानें उघडणाऱ्या मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या उदाहरणानें हा मुद्दा स्पष्ट करण्याचा येथें विचार आहे.

पूर्णेच्या आसपासच्या प्रदेशास या विषयाशीं संबंध आहे. इ. स. १८१९ च्या जानेवारींत निजामाच्या रसेल पलटणींनीं हटकर नायकांची नोव्ह्याची गढी घेतली. तेव्हांच्या बंदुका तोंडाकडून भरावयाच्या असत. पुढें पूर्णेच्या उत्तरेस हिंगोली येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ही फौज इ. स. १९०३ मध्यें हिंदुस्थानच्या मुख्य लष्करांत सामील करण्यांत आली. या ८४ वर्षांत बंदूक भरण्याची जागा तोंडाकडून मागें गेली, आणि तिच्याबरोबर दोषांची जागाही बदलली.

तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीचे दोष उघड दिसणारे होते. दारू दमट झाली, नळींत काजळी सांचून गोळी मध्येंच अडकली, किंवा कान बुजल्यामुळें रंजक उडूनही बार झाला नाहीं, तर कारण शिपायास तेथल्या तेथें कळे. इंग्रजी फौजेंत इ. स. १८६६ मध्यें स्नायडर ही मागून भरावयाची बंदूक आली व इ. स. १८७१ मध्यें मार्टिनी-हेन्री मान्य झाली. अमेरिकेंतील पीबॉडीची मूळ कल्पना फ्रीड्रिख फॉन मार्टिनी यानें सुधारली आणि नळीच्या आंतील पेचदार खांचा एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीच्या घेतल्या. यावरून तिला जोडनांव मिळालें.

तिची रचना सोपी आहे. चापाच्या मागचा दांडा खालीं ओढला म्हणजे नळीचें मागील तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा पुढच्या बाजूस खालीं झुकतो. त्याच हालचालीनें आंतील टोचा ताणला जातो व रिकामें काडतूस आंकड्यानें मागें फेंकलें जातें. मग अंगठ्यानें नवें काडतूस आंत सारून दांडा वर मिटावयाचा. हिला काडतुसांची पेटी नाहीं. प्रत्येक बारास एकेक काडतूस हातानेंच द्यावें लागतें.

यांत तीन ठिकाणीं अडथळा येतो. पहिला भरतांना : काडतुसास पोचे पडले असतील किंवा त्याच्या बसण्याच्या जागीं काजळी व धूळ असेल, तर तें पुरतें आंत जात नाहीं आणि दांडा मिटत नाहीं. दुसरा बाराच्या वेळीं : दांडा मिटतो, पण टोच्याचा घाव पुरेसा बसत नाहीं किंवा काडतुसाची टोपी निकामी असते. तिसरा रिकामें काडतूस काढतांना. हाच या बंदुकीचा खरा दोष होय.

त्याचें कारण काडतुसाच्या घडणींत होतें. आरंभीचें बॉक्सर पद्धतीचें काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलें असे आणि त्याच्या बुडास लोखंडी चकती असे. त्यांत ८५ ग्रेन दारू व ४८० ग्रेनची गोळी असे. एवढी दारू आंखूड काडतुसांत मावावी म्हणून त्याचें पोट रुंद व गळा अरुंद ठेवलेला असे. बार होतांच पत्रा फुगून नळीस चिकटे. लागोपाठच्या बारांनीं नळी तापलेली व वाळू-धूळ आंत गेलेली असली, तर आंकडा बुडाची चकती तोडून आणी आणि पत्रा आंतच राही. मग शिपायास गज घालून तो ढकलावा लागे. १७ जानेवारी १८८५ रोजीं सुदानांत अबू क्ली येथें अनेक बंदुका अशा अडकल्या. यावर दोन उपाय निघाले : अखंड पितळेचें ओढीव काडतूस आणि जोर अधिक मिळावा म्हणून लांब केलेला दांडा.

हिंदी पलटणींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. इ. स. १८५७ नंतर त्यांना गोऱ्या पलटणींहून एक पिढी मागची बंदूक देण्याचें धोरण होतें. त्यामुळें २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईंत ६६ व्या गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी होती, तर बाँबे ग्रेनेडियर्स व जेकब्स रायफल्स यांजजवळ स्नायडर होती. स्नायडरचें झांकण उजवीकडे उघडून मागें ओढावें लागे व बंदूक उलटी करून रिकामें काडतूस पाडावें लागे. एकाच रणांगणावरील या दोन बंदुकांची गति व खोळंबा सारखा नव्हता. तेव्हां केवळ 'पलटणीचा मारा मंदावला' एवढ्यावरून तिची परीक्षा करणें योग्य नाहीं.

जुन्या घराण्यांत मार्टिनी आढळल्यास अभ्यासकानें दांड्याची लांबी, नळीवरील छाप व सोबतचें काडतूस गुंडाळीव कीं ओढीव तें टिपावें. यावरून ती बंदूक सुधारणेपूर्वीची कीं नंतरची, याचा अंदाज बांधतां येतो. उजव्या अंगास टोचा ताणलेला आहे कीं नाहीं हें दाखविणारी खूण असते. पण तिच्या भरंवशावर बंदूक रिकामी समजूं नये. अडकलेलें काडतूस स्वतः ठोकून काढण्याच्या भरीस न पडतां तें काम जाणत्या परवानाधारक कारागिरावर सोंपवावें.

सारांश, 'बंदूक चालली नाहीं' हें उत्तर नसून प्रश्नाचा आरंभ आहे. भरतां आली नाहीं, पेटली नाहीं, कीं रिकामी होईना, हें वेगळें केल्यावरच दोष हाताचा, यंत्राचा कीं काडतुसाचा तें ठरतें. मार्टिनीच्या बाबतींत तो पुष्कळदां काडतुसाचा होता. आणि पातळ पत्र्याच्या त्या चुकीचें प्रायश्चित्त मात्र बंदूक धरणाऱ्या शिपायास घ्यावें लागलें.