रानमोडीची भांगलण

गारगोटीहून कडगावमार्गे पाटगावकडे जाणारा रस्ता वेदगंगेच्या खोऱ्यातून सह्याद्रीच्या माथ्याकडे सरकू लागतो, तसतसे उसाचे फड मागे पडतात आणि जिथे माती उकरली गेली आहे किंवा झाडांचे छत्र तुटले आहे, तिथे तिथे माणसाच्या उंचीची दाट झुडपे उभी दिसतात. त्रिकोणी पान, त्यावरील तीन ठळक शिरा आणि पान चुरगळताच येणारा उग्र वास या खुणांवरून रानमोडी सहज ओळखता येते. मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली आणि तिथून निसटून पश्चिम घाटापर्यंत पोहोचली. बाहेरून येऊन स्थानिक जातींची जागा, प्रकाश आणि पाणी बळकावणाऱ्या अशा जातींना आक्रमक परकीय जाती म्हणतात. जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगात नोंदल्या गेलेल्या जातीविनाशांपैकी सुमारे 60 टक्क्यांमध्ये अशा जातींचा, एकट्याने किंवा इतर कारणांच्या जोडीने, हात होता.

भुदरगड तालुक्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे, कारण येथील वनांचा मोठा भाग आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्रात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेला संवर्धन राखीव हा प्रकार अभयारण्याहून सौम्य आहे. तो केवळ सरकारी मालकीच्या जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून जाहीर होतो आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. राधानगरी अभयारण्याला दक्षिणेकडील चंदगड, आंबोली आणि दोडामार्गच्या जंगलांशी जोडणारा हा दुवा आहे. परंतु नकाशावर जोडलेले जंगल गव्याच्या दृष्टीने जोडलेले असेलच असे नाही. गवा प्रामुख्याने गवतावर जगतो, रानमोडीला तो किंवा गावची गुरे सहसा तोंड लावत नाहीत, आणि जिथे कुरणाच्या जागी तिचे रान माजते तिथे चाऱ्याचे क्षेत्र आटत जाते. गवे उसात उतरण्यामागे कारणे अनेक असली, तरी जंगलातील चाऱ्याचा विचार टाळून गवा आणि शेतकरी यांच्यातील तंट्याचे उत्तर मिळणार नाही.

रानमोडी काढण्याचे काम दिसायला शेतातील भांगलणीसारखेच असते, पण त्यात वेळेला सर्वाधिक किंमत आहे. हिवाळ्यात तिला फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुपके येतात, त्यानंतर बारीक केसांचा पिसारा असलेले बी तयार होते आणि कोरड्या वाऱ्यावर ते म्हातारीसारखे उडून दूरवर पडते. म्हणून उपटणी फुलोऱ्यापूर्वी, पावसाच्या अखेरीस, जमीन ओली असतानाच व्हावी लागते. तिची मुळे फार खोल जात नसल्याने, बुंध्याशी धरून सरळ ओढले तर कोवळे झुडूप ठोंबासकट निघते. जुन्या ठोंबाला मात्र कुदळीने भोवतालची माती सैल करावी लागते. कोयत्याने वरून कापणे हा सर्वांत झटपट आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग होय, कारण उरलेल्या ठोंबातून पुढच्या पावसात पूर्वीपेक्षा अधिक फुटवे येतात. उपटलेली झुडपे मुळे वर करून, मातीला टेकणार नाहीत अशी रचावी लागतात, नाहीतर ओलाव्यात ती पुन्हा जीव धरतात.

रानमोडीसारख्याच दुसऱ्या आक्रमक परकीय झुडपाचे, घाणेरीचे, म्हणजेच टणटणीचे, तंत्र थोडे वेगळे आहे. तिची फळे पक्षी खातात आणि बी विष्ठेतून पसरवतात, त्यामुळे झुडूप काढून झाल्यावरही पक्षी बसतात त्या झाडांखाली उगवणारी रोपे पुढील हंगामांत शोधून काढावी लागतात. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तिचे मुख्य मूळ जमिनीच्या किंचित खाली, फुटवे जिथून येतात त्या भागाच्या खालून, छाटतात आणि झुडूप उलटे करून ठेवतात. यात माती फारशी उकरली जात नाही, आणि हीच या पद्धतीची खरी खुबी आहे, कारण उकरलेली मोकळी माती हे दुसऱ्या तणाला दिलेले आमंत्रण असते.

साफ झालेल्या जागेचे पुढे काय, हा प्रश्न उपटणीहून मोठा आहे. मातीत पडलेले बी पुढील काही वर्षे रुजत राहते, त्यामुळे एकदाच साफ करून सोडलेला तुकडा पुन्हा रानमोडीकडेच जातो. त्याच तुकड्यावर सलग काही वर्षे फिरणे आणि दरम्यान परिसरातूनच गोळा केलेले गवताचे बी पेरणे, तसेच जंगलाच्या कडेला जांभूळ, हिरडा यांसारख्या स्थानिक झाडांची सावली परत आणणे आवश्यक आहे. दाट सावलीत रानमोडी तग धरत नाही. उन्हाळ्यात तिचे वाळलेले दांडे वणव्याला इंधन पुरवतात आणि वणव्यानंतर तीच ठोंबातून प्रथम फुटते, म्हणून जाळरेषांची निगा हाही याच कामाचा भाग मानला पाहिजे.

मधाचे गाव म्हणून नावारूपाला आलेल्या पाटगावच्या दृष्टीने यात एक नाजूक बाब आहे. रानमोडीच्या फुलांवरही मधमाश्या आणि फुलपाखरे येतात, आणि ती सरसकट काढून जागा उघडी टाकली तर त्या हंगामात त्यांचे खाद्य घटते. टप्प्याटप्प्याने काढणे आणि मागोमाग स्थानिक फुलोरा उभा करणे हाच येथे योग्य मार्ग ठरतो. जांभ्या दगडाच्या सड्यांवर मात्र झाडे लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण पावसाळ्यात त्या उथळ मातीवर उमलणारी सीतेची आसवे आणि गेंद उघड्या उन्हातच वाढतात, आणि सावली हाच त्यांचा नाश असतो.

जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. त्या नोंदवहीत औषधी वनस्पतींइतक्याच काळजीने रानमोडीने व्यापलेले तुकडे, त्यांच्या सीमा आणि उपटणीची वर्षे नोंदली जावीत. आर्थिक वर्ष मार्चला संपते, तर रानमोडीचे बी तोपर्यंत वाऱ्यावर गेलेले असते. त्यामुळे मजुरीची तरतूद पाऊस संपण्याआधी हाती येणे अनिवार्य आहे. भाताची भांगलण संपून सुगी सुरू होईपर्यंतचा जो थोडा काळ वाड्यावस्त्यांवरील स्त्रियांना मोकळा मिळतो, नेमका तोच या उपटणीचा हंगाम आहे, आणि तणाची पारख व हाताचे कसब त्यांच्याकडे आधीपासूनच असल्याने या कामाचा पहिला रोजगार त्यांनाच मिळायला हवा.